डबी, कपाट आणि बाबांची वीट

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार. (आशीर्वाद द्यायला उठू नका. गुडघा लक्षात घेता बसल्या जागेवरून दिलात तरी पोचतो.)

पत्रास कारण आहे, पण ते शेवटी लिहीन. पहिल्याच ओळीत काम सांगणारी माणसं मला उतावीळ वाटतात, आणि आपल्या घरात तसा एक मनुष्य आहे तेवढा पुरे. आधी तुमची तब्येत. नवा चष्मा सवयीचा झाला का? जिना उतरताना भिंगाच्या खालच्या भागातून पाहायचं नाही, मान वाकवून वरच्या भागातून पाहायचं, असं मी मागच्या पत्रात अधोरेखित करून लिहिलं होतं. पण तुम्ही ते पत्र वरच्याच भागातून वाचलं असणार आणि त्यातून जवळचं अक्षर दिसत नाही. म्हणून पुन्हा लिहितो. हे पत्र कृपया खालच्या भागातून वाचावं आणि जिना वरच्या भागातून उतरावा. उलट करू नये.

इकडे सर्व खुशाल आहेत. आई खुशाल, वहिनी खुशाल, दादा खुशाल असण्याचं कारण नाही पण आहे. बाबाही खुशाल आहेत, फक्त गेल्या रविवारी आम्ही त्यांना चढावर विसरून आलो होतो. त्याबद्दल खाली सविस्तर येईल, काळजी करू नका. ते स्वतः चालत आले.

दादाने नवी गाडी घेतली हे तुम्हाला कळलंच असेल, कारण त्याने फोटो पाठवला असणार. फोटोवर जाऊ नका. ती तुमच्या फोनमध्ये मावली म्हणजे रस्त्यात मावते असं नाही. आई तिला ‘कपाट’ म्हणते, आणि आईचं नावं ठेवण्यातलं कसब तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे (तिने तुम्हाला ठेवलेलं नाव मी इथे लिहीत नाही). गाडीत माणसं बसतात, मामा. कपाटात चढावं लागतं. आईला चढता यावं म्हणून दादाने प्लास्टिकचं स्टूल आणलं आहे आणि ते नेहमी गाडीच्या आतच राहतं, त्यामुळे ते काढायला आधी कोणीतरी चढावं लागतं. आत एक बाई बोलते. ती दिसत नाही. पट्टा लावा, दार लावा, पुढे वळा, वळायचं राहिलं, आता मागे वळा. पहिल्या दिवशी वहिनी तिला अदबीने ‘हो, हो’ म्हणत होती. आता दोघींचं पटत नाही. सोबत आलेल्या माहितीपुस्तिकेत ‘वैशिष्ट्ये’ हा शब्द प्रत्येक पानावर वेगळ्या प्रकारे छापला आहे आणि सगळे प्रकार चुकीचे आहेत. मी शाळा अर्धवट सोडली हे दादा येता-जाता ऐकवतो, पण तो शब्द मला लिहिता येतो. ज्या कंपनीला तो शब्द येत नाही तिच्या गाडीत ती गोष्ट तरी कुठून येणार?

आता काचेबद्दल लिहितो, कारण तो माझा विषय आहे. चष्म्याच्या दुकानात मी आधी दिवसभर काचा घासायचो आणि फ्रेममध्ये बसवायचो. फ्रेमचं काम एवढंच, की काचेला धरून ठेवायचं आणि नजरेच्या मध्ये यायचं नाही. कपाटाच्या पुढच्या काचेलगतचे खांब एवढे जाड आहेत की त्यामागे एक सायकल, तिच्यावरचा माणूस आणि हँडलला लावलेली त्याची पिशवी, असं सगळं मावतं. मी मावताना पाहिलं आहे. (तो माणूस वाचला. दादाला त्याने जे ऐकवलं ते बंद काचेमुळे नीट ऐकू आलं नाही, पण हातवाऱ्यांवरून अंदाज आला.) मग दिसत नाही म्हणून कंपनीने चहूकडे कॅमेरे बसवले. म्हणजे आधी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि वर त्यालाच काठी विकायची. आमच्या मालकांनी असा धंदा केला असता तर दुकानावर दगड आले असते. दादा मात्र तो पडदा लोकांना कौतुकाने दाखवतो. स्टिअरिंग तर इतकं हलकं आहे, की ते चाकांना जोडलेलं आहे यावर केवळ श्रद्धा ठेवायची.

आणि तुमची डबी! इथून जाताना तुम्ही त्या जुन्या गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवलीत आणि वळून न बघता निघून गेलात, ते मला अजून आठवतं. (वळून बघितलं असतंत तर फाटकाला धडकला नसतात, पण ते असो.) मामा, डबीत बसलं की आपण खिडकीत बसल्यासारखं वाटतं. चारही बाजूंना काच, खांब अंगठ्याएवढे. पुढचं झाकण असं खाली उतरत जातं, की चाकाखाली काय येणार ते आधीच दिसतं, नंतर पंचनाम्यात वाचावं लागत नाही. चाकं टेबलाच्या पायांसारखी अगदी चार कोपऱ्यांत, त्यामुळे गाडी कुठे संपली हे कॅमेऱ्याला विचारावं लागत नाही. समोर एकच गोल तबकडी. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर, टाकी भरलेली असो की कोरडी. तो दोष नाही, स्वभाव आहे. ज्याने हिची आखणी केली तो माणूस नक्की लहान घरात वाढला असणार. कोपऱ्याची किंमत लहान घरातल्या माणसालाच कळते. मोठ्या घरातला माणूस कोपऱ्यात कुंडी ठेवतो आणि विसरून जातो.

आणि तिचं वळणं! डबीचं स्टिअरिंग जड आहे, कबूल. पण रस्ता तुमच्या तळहाताशी बोलतो. चाक काडेपेटीवरून गेलं तर ती भरलेली होती की रिकामी, ते कळतं. आमच्या दुकानामागच्या गल्लीत ती एका दमात तोंड फिरवते, जिथे रिक्षावालेसुद्धा दोनदा विचार करतात. ज्या म्हाताऱ्या माणसांना दुकानापर्यंत येववत नाही, त्यांचे चष्मे घेऊन मालक मला त्यांच्या घरी पाठवतात, नाकावर बसवून, कानामागे वाकवून द्यायला. ही घरं सगळी जुन्या, अरुंद गल्ल्यांत. डबी आहे म्हणून हे काम माझ्याकडे आहे. मालकांनी तसं तोंडावर सांगितलं आहे. ‘गाडी गेली तर तू परत आत, घासायला,’ असं ते म्हणाले. आत खिडकी नाही, मामा.

लहानपणी मी तुमच्या आणि आईच्या सीटच्या मध्ये उभा राहायचो ते आठवतं का? मागे दादा, गुडघ्यात मान घालून, त्याला तेव्हापासूनच जागा पुरत नाही. गोल चौकात तुम्ही एका हाताने, कोपर खिडकीबाहेर काढून, मुद्दाम जास्तीची फेरी मारायचात. आई ओरडायची, ‘अरे, पोरं आहेत गाडीत!’ आणि तुम्ही ‘पोरांसाठीच तर’ म्हणत आणखी एक मारायचात. डबी आतल्या चाकावर हलकेच कलायची, पण पाय सोडायची नाही. कपाट वळतं तेव्हा आधी खालचा मजला वळतो, मग वरचा.

डबीत बसणारा माणूस प्रवासी नसतो, कामावर असतो, हे तुम्हाला सांगायला नको. आईने पुढच्या कप्प्याचं झाकण गुडघ्याने दाबून धरायचं आणि आतून धुरकटलेली काच पुसायची. चढ आला की डोळे मिटून घ्यायचे (हे काम नाही, पण ती नेमाने करते). वहिनीने वळण झाल्यावर ‘बंद कर’ म्हणायचं, कारण डबीचा इंडिकेटर आपला आपण बंद होत नाही. आणि बाबांकडे वीट. हँडब्रेक तुमच्या काळापासूनच नावापुरता आहे. चढावर गाडी थांबली की बाबांनी उतरायचं, मागच्या चाकाला वीट लावायची, आणि गाडी निघाली की वीट उचलून, दोन पावलं पळून, चालत्या गाडीत बसायचं. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून एवढं एकच जबाबदारीचं काम त्यांच्याकडे उरलं आहे. वीट त्यांनी जुन्या पँटच्या पायात शिवून घेतली आहे, गाडीला धूळ लागू नये म्हणून.

तर गेल्या रविवारी दादाने सगळ्यांना कपाटात घालून मावशीकडे न्यायचं ठरवलं. मावशीने टेकडीवरच्या वसाहतीत नवं घर घेतलं आहे ते तुम्ही अजून पाहिलं नाही. (घर चांगलं आहे, रस्ता वाईट.) पुढे दादाशेजारी मानाने आई. मधल्या सीटवर वहिनी आणि दाराशी बाबा. धाकटा म्हणून मला शेवटच्या रांगेत, सामानाच्या जागेत टाकलं होतं, आणि मावशीला भेट द्यायची मनीप्लांटची मोठी कुंडी माझ्या मांडीवर. म्हणजे ज्या एका माणसाचा धंदा लोकांना दिसावं हा आहे, त्याच्या तोंडासमोर पानं.

टेकडीच्या ऐन चढावर समोरचा एक ट्रक उलटा मागे येत होता, म्हणून दादा थांबला. कपाटाचा ब्रेक चढावर आपला आपण धरतो. हे दादाला ठाऊक होतं, माहितीपुस्तिकेला ठाऊक होतं, त्या न दिसणाऱ्या बाईला ठाऊक होतं. बाबांना कोणी सांगितलं नव्हतं. गाडी चढावर थांबली, बाबा उतरले. वीट त्यांनी मावशीच्या भेटीच्या पिशवीतून आणली होती. त्यांनी ती नेमकी चाकाला लावली आणि वाट पाहत उभे राहिले. ती बाई ‘दार उघडे आहे’ म्हणाली. दादा पुढे बघूनच म्हणाला, ‘दार लावा रे नीट.’ वहिनीला त्या गाडीत घेरी येते म्हणून तिने डोळे मिटले होते. तिने चाचपडत दार ओढून घेतलं. आई चढ होता म्हणून डोळे मिटून होती. मला पानं दिसत होती. ट्रक हलला, आणि कपाट निघालं.

आता तुम्हीच सांगा, डबीतून एक माणूस उतरला तर डबी कशी उसासा टाकून वर येते! आंधळ्यालाही कळेल की घरातलं कोणीतरी कमी झालं. कपाटाला कळलं नाही. आतली बाई पट्ट्यांबद्दल बोलत होती.

मावशी दारात उभी. आम्ही एकेक करून उतरलो, स्टूल काढलं, आई उतरली. मावशी म्हणाली, ‘भाऊजी कुठायत?’

आई म्हणाली, ‘मागे.’

वहिनी म्हणाली, ‘मागे म्हणजे शेवटी ना? शेवटच्या सीटवर?’

मी कुंडीमागून म्हणालो, ‘इथे मी आहे.’

दादाने बाबांना फोन लावला. तो सीटच्या मागच्या खिशात वाजला.

दादा पांढराफटक पडला, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. तो तसाच उडी मारून कपाटात बसला आणि गाडी वळवायला लागला. ती वळेना. मावशीसमोरच्या रस्त्यावर डबी गुणगुणत फिरली असती. कपाट थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा पुढे, आणि शेवटी रस्त्याच्या बरोबर मध्ये आडवं उभं राहिलं, एका टोकाला वसाहतीच्या फाटकाचा खांब, दुसऱ्या टोकाला कोणाच्या तरी गुलाबाची कुंडी. सगळे कॅमेरे एकदम कोकलायला लागले. बाई म्हणाली, ‘सावध राहा.’ फाटकाला आधीच एक ओरखडा काढून झाला होता, तेव्हा सावध राहण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. वाट अडल्यामुळे दोन्हीकडे गाड्या जमल्या. वसाहतीचा वॉचमन खुर्ची घेऊन आला आणि बसला.

‘साहेब, घाई करू नका,’ तो म्हणाला. ‘नाहीतर राहू द्या इथंच. आम्ही दुसरं फाटक काढतो.’

तेवढ्यात चढावरून बाबा आले. घामाघूम, काखेत वीट. कपाटाला वळसा घालून आले, मागच्या चाकाला वीट लावली, हात झटकले आणि दादाच्या काचेवर टकटक केली.

‘घे. आता हलत नाही. उतर आणि बघ, म्हणजे तुला कळेल तू कुठे आहेस.’

‘बाबा, तुम्ही उतरलात कशाला?’ दादा ओरडलाच.

‘चढ होता.’

‘अहो, ही गाडी स्वतः थांबते!’

‘मग मला कोणी सांगितलं?’ बाबा म्हणाले. ‘ती बाई बोलत होती, पण ती माझ्याशी नव्हती बोलत.’

मावशीला हसू आवरेना म्हणून ती पाणी आणायला आत गेली आणि पाणी न घेताच बाहेर आली. शेवटी दादाने कपाट उलटं, संपूर्ण चढ उलटं, खाली नेलं. मी मागे मागे चालत ‘ये, ये, थांब, थांब, अरे थांब’ असं ओरडत. बाबा विटेसह तयारीत.

घरी आल्यावर दादाने निकाल दिला. तुम्हाला वाटेल तो कपाट विकतोय. नाही! त्याच्या मते सगळा दोष डबीचा. ‘त्या डबीनं तुम्हाला सगळ्यांना बिघडवून ठेवलंय,’ तो म्हणाला. ‘कोणी गुडघा लावतं, कोणी डोळे मिटतं, कोणी चढ दिसला की उतरतं! ती आधी घराबाहेर काढतो, म्हणजे माणसात याल.’ शिवाय खाली गाडी लावायची जागा एकच. फ्लॅट त्याच्या नावावर, म्हणून जागाही त्याची. तिथे डबी आरामात बसते आणि बाजूला दोन सायकली राहतात. कपाट ठेवलं तर सायकली घरात घ्याव्या लागतील आणि खाली राहणाऱ्या शिंपीणबाईंनी दार आत उघडायची सवय करावी लागेल. त्या तशी करणाऱ्या नाहीत.

दुसऱ्याच दिवशी भंगारवाला आला. कलिंगड निवडावं तसं त्याने डबीच्या झाकणावर वाजवून पाहिलं, कान लावला, आणि म्हणाला, ‘पत्रा नंबरी आहे हो. हल्ली असला पत्रा करतच नाहीत.’ मला बरं वाटलं. मग म्हणाला, ‘दाबला की मस्त बसेल.’ ज्या माणसाला चांगली वस्तू ओळखता येते आणि तरीही तो तिच्यावर हातोडा घालतो, त्यापेक्षा दादा परवडला. त्याला निदान ओळखता तरी येत नाही. येत्या रविवारी न्यायला येतो म्हणाला आहे. मला त्या वेळी बोलायला सुचत नाही, नंतर सुचतं, आणि तेव्हा समोर कोणी नसतं. म्हणून पत्र लिहितो.

मावशीने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. कुंडी तिला आवडली. गुडघ्याला शेक देत जा आणि जिन्याबद्दल वर लिहिलं आहे ते विसरू नका.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. आता कारण. डबी कागदोपत्री अजून तुमच्या नावावर आहे, तेव्हा तुमच्या सहीशिवाय भंगारवाला तिला हात लावू शकत नाही. दादाने सहीचा कागद तुम्हाला पाठवला आहे. तो तुम्ही हरवावा, ही नम्र विनंती. खोटं बोला असं मी थोरांना सांगणार नाही. पण हरवण्यात तुमचा हात कोणी धरू शकत नाही. तुमची कवळी डबीच्या पुढच्या कप्प्यात सापडली होती, आणि त्या वेळी तुम्ही जेवायला बसला होतात. तेव्हा फार प्रयत्न करावा लागेल असं वाटत नाही. नेहमीसारखं वागा.

ता. क. २. चिकटवलेलं पाकीट पुन्हा उघडलं आहे. आज सकाळी चष्म्यांची पेटी ठेवायला खाली गेलो, तर डबीत दादा. स्टिअरिंगला गुडघे टेकलेले, मान छतामुळे वाकडी, काच खाली, कोपर बाहेर. गाडी बंद, आणि हा स्टिअरिंग फिरवतोय. मी विचारलं, ‘काय रे?’ म्हणाला, ‘काही नाही. सीटखाली काही राहिलंय का बघत होतो.’ मग स्टिअरिंग आणखी एकदा फिरवून म्हणाला, ‘मामांनी मला हिच्यावरच शिकवलं, माहितीये? चौकात.’ आणि मग, ‘त्या कागदाची मामांना काही घाई नाही म्हणावं. भंगारवाल्याला मी बघतो.’ मी त्याला मिठी मारायला दार उघडलं, मामा. तेवढ्यात तो म्हणाला, ‘आणि हे बघ, हिची किल्ली यापुढे माझ्याकडे राहू दे. ऑफिसच्या गल्लीत ते कपाट शिरत नाही.’ तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. म्हणजे कागद हरवाच, पण त्याआधी डबी माझ्या नावावर करून द्यावी, आणि तेही दादाचं असंच पत्र तुमच्याकडे पोचायच्या आत. त्याचं अक्षर मोठं असतं, लिहून लवकर होतं.

ता. क. ३. पाकीट पुन्हा उघडलं आहे, क्षमस्व. आत्ता दुकानात जायला निघालो तर डबीच्या चारही चाकांना, पुढून आणि मागून, विटा लावलेल्या आहेत. खाली जमीन सपाट आहे. त्यातली पँटच्या पायातली एक आपली. बाकीच्या कुठून आल्या, ते शिंपीणबाईंच्या अंगणातली नवी भिंत पाहून कळतं. बाबा शेजारीच स्टुलावर (कपाटातलं) पेपर वाचत बसले आहेत. भंगारवाला रविवारची वाट न बघता आजच येऊन गेला, त्यालाही हेच दिसलं. दादा किल्ली घेऊन उभा आहे. मी पेटी घेऊन उभा आहे. मी बाबांना म्हटलं, माझं काम आहे. दादा म्हणाला, माझं ऑफिस आहे. बाबा पान उलटून म्हणाले, ‘मेव्हण्याचं पत्र येऊ दे. तो सांगेल त्याची गाडी. तोवर विटेला कोणी हात लावायचा नाही.’ तेव्हा मामा, डबी माझ्या नावावर करा, दादाच्या करा, हवं तर बाबांच्या करा, पण उलट टपाली कळवा. मी पेटी काखेत मारून गल्लीगल्लीत चालत चाललो आहे, आणि दादा माझ्यापुढे दहा पावलांवर चालतो आहे.